तिसरी नोंद

"तीन दिवसच घ्यायची. चौथ्या दिवशी नाही," औषधाच्या दुकानातली बाई म्हणाली, आणि कात्रीने पट्टी कापून तिने मोजून नऊ गोळ्या पुढे सरकवल्या. "झोप येईल, तोंड कोरडं पडेल. गाडी चालवायची नाही. लेकरू कडेवर घेऊन पायऱ्या उतरायच्या नाहीत. एखादी घ्यायची राहिली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. आणि घरात कोणाला बरं वाटेनासं झालं, तर आधी ही बंद करायची."

काउंटरसमोर उभी असलेली ती नुसती मान हलवत होती, तीसुद्धा अगदी बेताने. एका हाताने तिने काउंटर घट्ट धरला होता, कारण तो सोडला की सगळं दुकान बाटल्या-बरण्यांसकट डावीकडे निघून जायचं. दुसऱ्या हातात मुलीच्या फ्रॉकचं टोक होतं. मुलगी वजनकाट्यावर उभी राहून जेवढं फिरता येईल तेवढं फिरत होती. "घरात कोणाला" हे शब्द कानावरून गेले तेव्हा तिला वाटलं, दिवसभर तेच तेच बोलून बाईंची जीभ घसरली असेल. "तुम्हाला" म्हणायचं असेल, दुसरं काय. तिने गोळ्या पर्समध्ये टाकल्या आणि त्या शब्दांना तिथेच दुकानात सोडून ती घरी आली.

चक्कर सुरू झाली होती त्याच्या चार दिवस आधी. पहाटे मुलीच्या अंगावर पांघरूण ओढायला ती कुशीवर वळली आणि समोरचं कपाट सावकाश, अगदी आवाज न करता, छताकडे चढायला लागलं. तिने डोळे मिटले तर आतून फिरायला लागलं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तिची मान इकडे वळवली, तिकडे वळवली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाल्या, आतल्या कानात तोल सांभाळणारी नस असते, तिला सूज आहे. "जाईल. गोळीने बरं वाटेल, पण गोळी बरं करत नाही हं. तोल मेंदूला नव्याने शिकावा लागतो. गोळी चालू असली की तो मागच्या बाकावर झोपून राहतो. म्हणून तीनच दिवस."

तिला हे पटलं होतं. ती शिकलेली होती, रसायनशास्त्र घेऊन पदवी झालेली. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत अर्धा दिवस कामाला जायची. विहिरीचं, नळाचं, टाकीचं पाणी बाटल्यांतून यायचं. ती ते काचेच्या नळ्यांत भरायची, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायची आणि लिहायची. एकच नमुना तीनदा तपासल्याशिवाय खाली सही करायची नाही, हा तिथला नियम. सहा वर्षांत तो तिच्या हाडात मुरला होता. घरीसुद्धा मुलीला ताप आला की ती थर्मामीटर तीनदा लावायची. नवरा थट्टेने म्हणायचा, "लग्नाला हो म्हणायच्या आधी मला तीनदा का भेटलीस, ते आता कळलं."

नवरा दुसऱ्या गावी कारखान्यात होता, पंधरवड्यातून एकदा यायचा. घरात ती, तीन वर्षांची मुलगी आणि सासरे. सासरे चाळीस वर्षं गवंडीकाम करून थकलेले; गुडघे गेले होते, पण नजर शाबूत होती. ती कामावर गेली की नातीला तेच सांभाळायचे. मुलीचं नाव वेगळं होतं, पण घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. उभी राहिली की दोन्ही हात पसरून ती स्वतःभोवती गरगर फिरायची, धपकन पडायची, खदखदा हसायची आणि उठून पुन्हा फिरायची. "एवढी फिरते, पण हिला चक्कर येत नाही. ती सगळी आमच्या वाट्याला आलीय," ती सासऱ्यांना म्हणायची.

तीन दिवस गोळीने स्वर्ग दाखवला. कपाट जागेवर, भिंती जागेवर, वाकलं तरी फरशी जिथल्या तिथे. चौथ्या दिवशी गोळी नव्हती आणि ती प्रयोगशाळेच्या मोरीत ओकली. हातातून मापाची नळी निसटून फुटली. तिथल्या मोठ्या बाईंनी नुसतं कॅलेंडरकडे बघितलं. रजा उरली नव्हती. संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईंची तीच जुनी चिठ्ठी दुसऱ्याच दुकानात दाखवली. तिथल्या माणसाने तारीख बघितलीच नाही, आख्खी पट्टी दिली. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या दुकानात. आपण चुकतोय हे तिला कळत होतं. पण स्वयंपाक, धुणं, मूल, नोकरी, म्हाताऱ्यांचे गुडघे, हे सगळं उभ्याने करायचं असतं, आणि उभं राहता येण्यासाठी सकाळ-दुपार-रात्र एकेक पांढरी गोळी लागत होती. ती झोपेतच चालत असल्यासारखी दिवस काढत होती. जीभ टाळूला चिकटलेली, पापण्यांवर शिसं ठेवलेलं. पण घर हलत नव्हतं. तेवढं तिला पुरे होतं.

भिंगरी फिरायची थांबलीय, हे तिच्या ध्यानात यायला म्हणूनच उशीर झाला असावा.

कपडे वाळत घालताना तिला जाणवलं की मागे फारच शांत आहे. वळून बघितलं तर मुलगी भिंतीला पाठ लावून बसली होती. दोन्ही तळहात फरशीवर टेकलेले, बोटं फाकलेली.

"काय गं, खेळत नाहीस?"

"बसलेय."

"बरं वाटत नाही का?"

"बरी आहे," मुलगी म्हणाली.

मग एकेक दिसायला लागलं. मुलगी खोलीच्या मधून जाईनाशी झाली. भिंत धरून, कडेकडेने, सगळा वळसा घालून दारापर्यंत जायची. बाहुल्या फळीवर उभ्या न ठेवता एका बाजूला कलत्या, एकीला एक टेकवून ठेवायची. झोपताना पलंगाचा गज मुठीत धरायची, आणि झोप लागली तरी मूठ सुटायची नाही. कागदावर घर काढायला सांगितलं तर घर निम्मं काढून ती पेन्सिल खाली ठेवायची. एकदा आंघोळ घालताना तिच्या खांद्याला दोन्ही हातांनी बिलगून मुलगी अगदी हळू म्हणाली, "आई, घर थांबव ना."

पहिला विचार कुठल्याही आईला येईल तोच: हिने गोळी खाल्ली. तिने पट्ट्या काढल्या, फोडलेले कप्पे मोजले, दिवस मोजले. बरोबर. तरी तिने सगळ्या गोळ्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटाच्या वरच्या कप्प्यात कुलुपात ठेवल्या आणि किल्ली गळ्यात अडकवली. मुलांच्या डॉक्टरांनी भिंगरीचे कान तपासले, डोळे तपासले, तिला एका पायावर उभं केलं, रक्त काढलं. त्या दिवशी मुलगी एका पायावर छान उभी राहिली. "आई, तुम्हीच जरा झोप घ्या," डॉक्टर म्हणाले. "डोळे बघितलेत का आरशात?"

सासऱ्यांनी मात्र झोप घे म्हटलं नाही. एका दुपारी ती कामावरून आली तर त्यांनी आपली जुनी हत्यारांची पिशवी काढली होती. बैठकीच्या दाराच्या चौकटीला खिळा मारून त्यावरून ओळंबा सोडला होता. काळी दोरी, खाली पितळी लोलक, निश्चल. भिंगरीला त्यांनी दोरीशेजारी उभं केलं होतं.

"पोरी, इकडे ये. इथून बघ."

तिने बघितलं. मुलगी ताठ उभी होती, हात बाजूला, शाळेतल्या मुलांसारखी. आणि तरी डोकं दोरीपासून लांब होतं. पाय दोरीला लागून, डोकं लांब.

"दोन बोटं बाहेर आहे," सासरे म्हणाले. "मघापासून बघतोय. सरळ उभी राहा म्हटलं की एवढीच कलते, नेमकी. आणि पडत नाही. एवढं कलल्यावर माणसाने पडायला पाहिजे, नाहीतर पाय तरी हलवायला पाहिजे."

"बाबा, चौकट वाकडी असेल."

म्हातारा तिच्याकडे असा बघत राहिला, जणू तिने त्याच्या चाळीस वर्षांवर थुंकलं होतं. मग म्हणाला, "चौकट मी बघितली. सकाळी अकराच्या आधी पोर ओळंब्यात होती. अकरानंतर नाही."

सकाळची गोळी ती कामावर निघताना घ्यायची. सव्वादहाला.

संध्याकाळी भाजी आणायच्या निमित्ताने ती पहिल्या दुकानात जाऊन आली. तीच बाई होती, तीच कात्री.

"ताई, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, घरात कोणाला बरं वाटेनासं झालं तर. घरात कोणाला म्हणजे?"

बाईने तिच्याकडे नीट बघितलं. "मी असं नाही म्हटलं. मी म्हणते, तुम्हाला बरं वाटेनासं झालं तर. सगळ्यांना तेच सांगते, पाठ झालंय माझं." मग आवाज खाली आणून: "का हो? अजून घेताय की काय?"

"नाही, नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

त्याच आठवड्यात एक दुपारची गोळी राहिली. मुद्दाम नव्हे, कामाच्या रगाड्यात विसरली. तीनच्या सुमाराला टेबल कलायला लागलं. ती भिंती चाचपत, दोनदा फुटपाथवर बसत घरी पोचली. आत पाय टाकते तर सासरे हसत होते आणि भिंगरी बैठकीच्या मधोमध हात पसरून गरगर फिरत होती. "तीनपासून भोवऱ्यासारखी सुटलीय," ते म्हणाले. "म्हटलं, आली बाई आमची परत."

ती दाराशीच खाली बसली. सगळं घर फिरत होतं आणि त्याच्या मध्ये तिची मुलगी फिरत होती, हसत. तिने पर्समधून वही काढली. मागच्या पानावर तारीख, वेळ, आणि पुढे फक्त "१" लिहिलं.

त्या रात्री तिने स्वतःला समजावलं, तिला समजावता येत होतं तसं. एका आकड्यावर कोणी सही करत नाही. मुलं आईकडे बघून शिकतात. आई धरून धरून चालली म्हणून मूलही धरून चाललं असेल. ओळंब्याचं काय ते तिला सांगता येत नव्हतं, म्हणून तिने तो बाजूला ठेवला.

दुसरी नोंद मुद्दाम घेतली. सुट्टीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता ती अंथरुणावर पडून राहिली. मुलगी नाचत होती, फिरत होती, आजोबांच्या पाठीवर चढत होती. एक वाजता तिने गोळी घेतली. घड्याळ उशाशी. दोनला दहा कमी असताना छत जागेवर आलं. दोनला आठ कमी असताना बाहेरच्या खोलीतला दंगा बंद पडला. ती उठून, न धरता चालत बाहेर गेली. भिंगरी कोपऱ्यात बसली होती, तळहात फरशीवर.

तिने वहीत "२" लिहिलं.

"झालं ना आता?" सासरे म्हणाले. त्यांना तिने काही सांगितलं नव्हतं; सांगायची गरज नव्हती. "बंद कर ती गोळी."

"बाबा, अजून एकदा बघू द्या. रविवारी. मग डॉक्टरांना दाखवायला माझ्याकडे काहीतरी असेल. दोनदा झालं म्हणून सांगितलं तर ते मलाच वेड्यात काढतील."

"भिंत कललेली दिसली तर गवंडी पुन्हा पुन्हा मोजत बसत नाही गं. खाली उभं असलेल्याला आधी बाजूला ओढतो."

"तुमच्या भिंतीचं वेगळं."

ते गप्प बसले. गप्प बसणं हेच त्यांचं वाईटातलं वाईट बोलणं होतं. आणि तिचंही मन तिला सांगत होतं की हा नुसता तिसऱ्या आकड्याचा हट्ट नाही. गोळी बंद केली की पुन्हा ते ओकणं, ते भिंती चाचपणं. नोकरी जाणार, मूल कडेवर घेता येणार नाही. तिला आणखी चार दिवस उभं राहायचं होतं. तिने त्याला प्रयोग असं नाव दिलं.

रविवारी तिने सगळी काळजी घेतली. बैठकीत गाद्या पसरल्या. टेबल, खुर्च्या आतल्या खोलीत नेल्या. सासऱ्यांना भिंगरीच्या हाताच्या अंतरावर बसवलं. स्वतः समोर, वही मांडीवर. अकराला पाच कमी असताना गोळी गिळली.

भिंगरी गाद्यांवर फिरत होती.

अकरा चाळीसला तिने पाणी मागितलं. सासरे तिचा छोटा, आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा पेला भरून घेऊन आले. मुलगी दोन्ही हातांनी पेला धरून उभी राहिली, पण प्यायली नाही. पेल्यात बघत राहिली.

"पी ना, बाळा."

"आई, हे सरळ होत नाही."

ती पुढे सरकली. डोळा पाण्याच्या पातळीला आणला. सहा वर्षांत हजारो वेळा आणला होता तसाच.

पेला सरळ होता. मुलीच्या हातांत तो अगदी सरळ होता, काठ आडवा, हलत नव्हता. आतलं पाणी एका बाजूला वर चढलेलं होतं. डावीकडे काठाला लागलेलं, उजवीकडे बोटभर खाली. आणि तसंच थांबलेलं. डुचमळत नव्हतं. गाडीत, बोटीत पाणी कलतं, पण ते हलतं. हे हलत नव्हतं. काचेसारखं गुळगुळीत, तिरकं उभं होतं.

तिने पेला मुलीच्या हातातून घेतला. पाणी सपाट झालं.

परत हातात दिला.

हळूहळू डावी बाजू चढली.

त्याच क्षणी तिला कळलं की आपलं डोकं स्वच्छ झालंय. भिंती जागेवर आहेत. पंख्याचं पातं न् पातं मोजता येतंय. इतकं स्वच्छ तिला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं.

तिने घड्याळ बघितलं. वही उघडली.

"अगं, पोर!" सासरे ओरडले.

तिने लिहिलं. अकरा चव्वेचाळीस. आकड्याखाली रेघसुद्धा मारली.

मग वर बघितलं.

भिंगरी चालत निघाली होती. पेला हातात, नजर पाण्यावर. पाणी सरळ ठेवण्यासाठी ती सगळी त्याच्या बाजूला कलत, कलत, गाद्या ओलांडून, स्वयंपाकघरातून मागच्या अंगणाच्या दाराकडे. खोलीच्या मधून. काही न धरता. म्हातारा गुडघ्यांवर रांगत तिच्या मागे होता.

मागच्या दाराला चार पायऱ्या होत्या.

पेला पडल्याचा आवाज आधी आला.

हनुवटीला पाच टाके पडले. हाड वाचलं, दात वाचले. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, कशी पडली? ती म्हणाली, खेळताना. सासरे दारात उभे होते. तिने आधी लिहिलं आणि मग वर बघितलं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यावर ते तेव्हाही बोलले नाहीत, नंतरही नाही. बोलले असते तर तिला जरा हलकं वाटलं असतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंना तिने खरं सांगितलं, म्हणजे सांगता येण्यासारखं खरं: तीन दिवसांच्या ऐवजी नऊ आठवडे घेतल्या. बाई रागावल्या, मग हताश होऊन खुर्चीत मागे टेकल्या. गोळी त्याच दिवसापासून बंद करायला सांगितली, मानेचे आणि डोळ्यांचे व्यायाम दिले. "त्रास होणार. मेंदूने अजून अभ्यासाला सुरुवातच केलेली नाही. धीर धरायचा." पेल्याबद्दल तिने काही सांगितलं नाही. वही उघडलीच नाही.

उरलेल्या गोळ्या तिने दुकानात नेऊन दिल्या. घरी आली आणि आडवी झाली.

त्यानंतरचे दिवस तिला एकच लांबलचक दिवस असल्यासारखे आठवतात. दाराच्या चौकटीवर एक डाग होता. त्याच्यावर नजर रोवून ती तासन् तास पडून राहायची. डाग निसटायचा, ती त्याला पकडून आणायची, तो पुन्हा निसटायचा. बसून भाजी चिरायची, बसून कपडे धुवायची, मोरीपर्यंत रांगत जायची. नोकरीवरून पत्र आलं, ते नवऱ्याने वाचून दाखवलं आणि घडी करून ठेवून दिलं. तो रजा काढून आठ दिवस राहिला, परत गेला. सासरे हलक्या हाताने पोळ्या लाटायला शिकले. "विटा सोप्या होत्या," ते म्हणायचे.

आणि बाहेरच्या खोलीत भिंगरी फिरत होती. हनुवटीवर पांढरी पट्टी, हात पसरलेले. तिच्या पावलांची धपधप, पडण्याचा आवाज, हसू. तो आवाज आला की ती डोळे मिटून घ्यायची, अंथरुणाची कड धरायची आणि मनात म्हणायची, राहू दे. माझ्याकडेच राहू दे.

असं एकोणीस दिवस चाललं.

विसाव्या दिवशी सकाळी ती उठून बसली, आणि बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उठून बसलोय. कपाट जागेवर होतं. डाग जागेवर होता. तिने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, वाकून चप्पल उचलली. काही नाही. तोंड कोरडं नव्हतं, पापण्या जड नव्हत्या. आदल्या रात्रीपर्यंत ती रांगत होती, आणि गोळी पोटात जाऊन कित्येक दिवस झाले होते.

ती धावत बाहेरच्या खोलीत गेली. भिंगरी झोपली होती, मूठ सैल, तोंड उघडं. तिने तिला हलवून उठवलं, उभं केलं, हातात पाण्याचा पेला दिला. पाणी सपाट. "फिर बघू," ती म्हणाली. मुलगी डोळे चोळत एक गिरकी फिरली आणि रडायला लागली, कारण तिला झोप आली होती. सासरे आवाजाने उठले. तिने त्यांच्याही हातात पेला दिला. त्यांनी न विचारता धरला. सपाट.

"बरी झालीस की," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. तिचा बघून तो हळूहळू विझला.

नवऱ्याला फोन केला. तो ठणठणीत होता. आईला केला, बहिणीला केला. प्रयोगशाळेत केला, मोठ्या बाई चकित झाल्या, पण ठीक होत्या. डॉक्टरीणबाई फोनवर आनंदाने म्हणाल्या, "बघा, शिकला ना मेंदू! कधीकधी असं एकदम होतं." होत असेल. त्या शिकलेल्या आहेत. तीही शिकलेली आहे, आणि एका भांड्यातून गेलेलं पाणी दुसऱ्या कुठल्यातरी भांड्यात निघतं, एवढं तिला माहीत आहे.

त्यानंतर ती रोज फोन करते. आधी जवळच्यांना करायची, मग शेजाऱ्यांना विचारायला लागली, मग जुन्या वर्गमैत्रिणींना. नंबर सापडेल त्याला. लोकांना वाटतं, आजारपणाने हळवी झालीय. सगळे म्हणतात, बरा आहे, बरी आहे, मला काय होतंय. कोणी चक्करची गोळी घेत असलं तरी ती बंद कर असं ती सांगत नाही. ते ज्याच्या-त्याच्या डॉक्टरांनी सांगायचं. ती फक्त विचारते. ज्यांना ती ओळखते, त्यांच्यात तिला अजून कोणी सापडलेलं नाही.

म्हणून आता ती तिला अनोळखी असलेल्यांना सांगते, म्हणजे तुम्हाला. घरात दुसरं कोणी असेल, म्हातारं, तान्हं, कोणीही, तर हे ठेवून उठा आणि त्या खोलीत जाऊन या. दारातून हाक मारून विचारू नका. भिंतीला पाठ लावून बसलेली असताना तिची मुलगीही बरी आहे असंच म्हणाली होती. हातात पाणी द्या, आणि डोळा पातळीला आणून बघा.